प्रयोग कोणाच्या हातचा?

दिवाळी उलटते, धानाची कापणी आटोपत येते आणि त्याच सुमारास शाळांतून विज्ञान प्रदर्शनाची वार्ता घरोघर पोहोचते. प्रथम शाळा, मग तालुका, पुढे जिल्हा व राज्य, अशा पायऱ्यांनी ही प्रदर्शने भरतात. गोंदिया तालुक्यातील कामठा आणि भोवतालच्या खेड्यांतील मुलांनाही हा मार्ग मोकळा आहे. परंतु मूल घरी येऊन “बाबा, मला प्रदर्शनात भाग घ्यायचा आहे,” असे म्हणते, तेव्हा आपल्या घरातून त्याला कोणते उत्तर मिळते, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

बहुधा दोनच उत्तरे मिळतात. ज्या घरी हातावर पोट आहे तेथे बाप म्हणतो, “बापू, ते मोठ्यांच्या पोरांचे काम. तू आपला अभ्यास कर.” ज्या घरी नोकरीचे चार पैसे येऊ लागले आहेत तेथे बाप गोंदियाच्या बाजारात जातो आणि थर्माकोलचे धरण किंवा दिवे लागणारे तयार शहर विकत आणून मुलाच्या हाती देतो. पहिल्या उत्तराने मुलाचा हात बांधला जातो. दुसऱ्याने तो रिकामा राहतो. दोन्ही उत्तरे सारखीच घातक आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शाळा शिकत असतानाचा एक प्रसंग आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. शिक्षकांनी त्यांना एक उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्याकडे निघताच वर्गात गलका उडाला आणि डबे विटाळू नयेत म्हणून मुले ते हलविण्यास धावली. हा प्रसंग आपण अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात आणखी एक अर्थ आहे. शाळेत नाव दाखल होणे ही एक गोष्ट आणि साऱ्या वर्गासमक्ष फळ्यावर स्वतःच्या हाताने उत्तर मांडणे ही दुसरी. ज्ञान ऐकण्याची परवानगी मिळाली तरी ते हाताळण्याचा अधिकार सहजासहजी मिळत नसतो.

विज्ञान प्रदर्शनाचे टेबल हा आजचा फळा आहे. त्या टेबलामागे आपले मूल उभे राहते, परीक्षक येतात, अनोळखी माणसे येतात, आणि त्याला विचारतात, “हे असे का होते?” त्या क्षणी त्याच्या ओठांवर स्वतःचे उत्तर असले पाहिजे. विकत आणलेल्या प्रतिकृतीजवळ उभे असलेले मूल पाठ केलेली चार वाक्ये म्हणते, आणि पाचवा प्रश्न येताच शिक्षकांच्या तोंडाकडे पाहते. दुसऱ्याने सांगितले म्हणून खरे मानावयाचे, आपण तपासावयाचे नाही, हीच सवय त्याला लागते. याच सवयीने आपल्या पूर्वजांचा घात केला. धर्माने विवेकाशी, म्हणजेच विज्ञानाशी जुळले पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात धरला होता. नवदीक्षित कुटुंबाने देव्हारा काढला, पण मुलाला तपासून पाहण्याची सवय लावली नाही, तर रिकाम्या कोनाड्यात उद्या दुसरे काही येऊन बसेल.

कोणी म्हणेल, “आमच्या खेड्यात प्रयोगशाळा कोठे आहे?” कामठ्याचा मुलुख हा धानाचा मुलुख. येथील प्रत्येक बांधी ही प्रयोगशाळाच आहे. एक साधा प्रयोग पाहा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांचे द्रावण होते. त्यात धानाचे बी टाकून ढवळावे. पोचट, हलके बी वर तरंगते, भरीव बी तळाशी बसते. पेरणीपूर्वी तरंगणारे बी काढून टाकावे आणि बुडालेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे, असे कृषी खाते शेतकऱ्यांना सांगत आले आहे. आता मुलाने हे नुसते सांगू नये, तपासावे. बुडालेले १०० दाणे आणि तरंगलेले १०० दाणे, दोन्ही सारखेच धुऊन, ओल्या गोणपाटाच्या दोन तुकड्यांत गुंडाळावेत. दोन्ही एकाच जागी ठेवावेत, दोहोंना सारखेच पाणी द्यावे, आणि किती अंकुरले ते रोज मोजून वहीत लिहावे. एवढ्यात विज्ञानाची सारी रीत आली. एकच गोष्ट वेगळी ठेवावयाची, बाकी सर्व सारखे ठेवावयाचे, मोजावयाचे आणि जे दिसले तेच लिहावयाचे. तरंगलेल्या दाण्यांपैकीही काही अंकुरले, तर तेही लिहावे. अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर लपविणारा मुलगा पारितोषिक मिळवील, परंतु विज्ञान गमावील. या प्रयोगाला मीठ, बादली, गोणपाट आणि वही लागते. थर्माकोलचे धरण याहून महाग पडते.

दुसरा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात बराच आढळतो. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, मूल वारंवार आजारी पडते. अशा वेळी अद्यापही काही घरांत करणी व बाहेरची बाधा यांची भाषा चालते, आणि दवाखान्यात जाण्याऐवजी पैसा मांत्रिकाकडे जातो. हे आपण लपवून ठेवण्यात काय अर्थ आहे?

याचे गणित एखादी आठवीची मुलगी दोन वाट्या आणि चार मण्यांनी मांडू शकेल. एक वाटी आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक लाल आणि एक पांढरा मणी. दोघेही केवळ वाहक आहेत, दोघांनाही आजार नाही. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक मणी उचलावयाचा. दोन्ही लाल आले तर मूल आजारी, एक लाल आला तर वाहक, दोन्ही पांढरे आले तर पूर्ण मोकळे. मणी पुन्हा वाटीत टाकून असे १०० वेळा करावे. दोन्ही लाल सुमारे २५ वेळा येतील, कधी २१, कधी २८. यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. “पहिले मूल आजारी निघाले, आता पुढील तीन निरोगी होतील,” असे आईबाप समजतात. परंतु मणी मागची उचल लक्षात ठेवीत नाहीत. प्रत्येक अपत्याच्या वेळी शक्यता तेवढीच, चारात एक.

हा दोष आपल्या समाजाचा आहे, असे म्हणून कोणी बोट दाखवील, त्यालाही उत्तर याच टेबलावर देता येते. हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता, तेथे वाहक व्यक्तीला त्यापासून काही संरक्षण मिळाले आणि म्हणून हा गुण टिकून राहिला. यात पापही नाही आणि जातही नाही. रक्ताची द्राव्यता चाचणी सोपी आहे आणि तिचा निष्कर्ष पुढील तपासणीने पक्का करता येतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. मात्र एक पथ्य पाळावे. गावातील कोणत्याही रुग्णाचे नाव फलकावर येता कामा नये. एका मुलीने हे टेबल मांडले आणि ते पाहून चार कुटुंबे तपासणीला गेली, तर जिल्ह्याच्या पारितोषिकाहून ते मोठे यश नव्हे काय?

आता पालकांच्या अडचणी. पहिली पैशाची. वर सांगितलेल्या दोन्ही प्रयोगांनी ती बरीचशी निकालात निघते. शिवाय सहावीपासून पुढील मुलांच्या नव्या कल्पनांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर पुरस्कार–मानक’ ही योजना आहे. निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यात प्रतिकृती करण्यासाठी १०,००० रुपये जमा होतात. शाळेमार्फत मोजक्याच कल्पना पाठविता येतात. तेव्हा आपल्या शाळेने कोणाच्या कल्पना पाठविल्या, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण निर्भयपणे विचारणे हे पालकांचे काम आहे. अर्ज करावयाचा राहून गेला आणि मग नशिबाला बोल लावला, हे आता शोभत नाही.

दुसरी अडचण, “आम्ही अडाणी, मुलाला काय सांगणार?” मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत तेथीलच पुस्तके वाचून शिकला आणि १८३१ साली चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण होते हे त्याने दाखविले. त्याच्या बापाने त्याला विज्ञान शिकविले नव्हते. आपणही शिकवावयाचे नाही. मुलाने गोणपाट ओले ठेवले आहे काय, आज किती दाणे मोजले, एवढे रोज सायंकाळी विचारावयाचे. रोवणीला कोणते बी दगा देते, बोडीचे पाणी कधी आटते, हे ज्या आईला ठाऊक आहे ती अडाणी कशी?

तिसरी गोष्ट अडचण नाही, ती दक्षतेची बाब आहे. गटाने प्रयोग करताना आपले मूल बाके उचलते आणि बोलण्याचे काम दुसरा करतो, असे होत नाही ना, हे पाहावे. मुलगी असेल तर तिला फलक रंगविण्यापुरती ठेवून उत्तरे मुलगा देतो, असेही होऊ देऊ नये. वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी वाढविणे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. जे साऱ्यांचे कर्तव्य ते पार पाडण्याची संधीही साऱ्यांना मिळालीच पाहिजे.

पारितोषिक मिळेल न मिळेल. त्याची फार चिंता करू नये. यंदा प्रदर्शनाचे पत्र घरी येईल तेव्हा बाजाराची वाट धरू नका आणि मुलाला गप्पही करू नका. त्याला आपल्या बांधीत न्या, धानाचे बी त्याच्या ओंजळीत द्या आणि म्हणा, “यातले कोणते उगवेल, ते तूच पाहून आम्हांला सांग.” ज्या मुलाला घरातून असा प्रश्न मिळाला, त्याचा हात पुढे फळ्याजवळ थरथरणार नाही.