मालक कोण, बॉस?

क्लोन म्हटलं की डोळ्यांपुढे परदेशातली लॅब येते ना? मग आमच्या जळगाव जिल्ह्यात, रावेरला या! टिश्यू कल्चरची ‘ग्रँड नैन’ केळी म्हणजे रांगेत उभे क्लोनच. झाडं सारखी, घडही जवळपास एकदमच तयार. शेतकरी खूश.

आणि माणसाचं काय? ‘ऑर्फन ब्लॅक’ (२०१३-१७) या कॅनेडियन सीरियलमधल्या क्लोन मुलींना कळतं, की आपल्या डीएनएतच पेटंटची नोंद आहे. मी हादरले ती तिथे. चेहरे सारखे, यात काय विशेष? जुळी असतातच की! प्रश्न मालकीचा आहे.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मानवी क्लोन जन्माला घालायला मनाई आहे. बरंच आहे. रोप विकत घेतलं की आपलं होतं. माणूस ऑर्डर देऊन बनवला, तरी कुणाचाच होत नाही.