गावचे कसब : पाझरते तेच मडके खरे



चैत्र लागला की घरोघरी माठाची आठवण होते. आठवड्याच्या बाजारात धनी दावी, वेसण पाहत असतात आणि कारभारीण माठांच्या राशीपाशी थांबलेली असते. चांगला रंगीत, नक्षीदार माठ पाहून ती घेते. पंधरा दिवसांनी तक्रार सुरू होते : "माठ दिसायला राजबिंडा, पण पाणी काही गार होत नाही!" मग कोणी कुंभाराला बोल लावतो, कोणी मातीला. खरे पाहता पुष्कळदा चूक निवडीत झालेली असते. निवड चांगली व्हायची तर मडके कसे घडते हे माहीत हवे. म्हणून आज कुंभाराची हत्यारे, त्याच्या कामातले शब्द आणि त्यामागची कारणे पाहू.

पहिली गोष्ट माती. कुंभाराला कुठलीही माती चालत नाही. तळ्याचा, ओढ्याचा किंवा नदीकाठचा बारीक, चिकट गाळ तो शोधतो. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहायची. ती तडकली नाही तर माती कामाची. पण नुसता चिकटपणाही घातक. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तशाच मातीचे मडके केले, तर तेही वाळताना भेगाळणार. म्हणून मातीत लीद, राख, बारीक वाळू किंवा भुसा मिसळतात. लीद म्हणजे घोड्या-गाढवाची विष्ठा. तिच्यातल्या गवताच्या बारीक काड्यांमुळे मातीचा चिकटपणा बेताचा होतो, वाळताना पाणी सारखे बाहेर पडते आणि भट्टीत त्या काड्या जळून गेल्या की त्यांच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. ही छिद्रे ध्यानात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

कुंभार चुनखडीलाही फार जपतो. चुन्याचा खडा मडक्यात राहिला तर भट्टीत तो भाजून कळीचा चुना होतो. पुढे ओल लागली की तो फुगतो आणि मडक्याचा टवका उडवतो. म्हणून माती कुटायची, चाळायची, भिजत घालायची, मग पायांनी तुडवायची आणि हातांनी मळायची. तुडवल्याने ओल सगळीकडे सारखी होते, मळल्याने आत अडकलेली हवा निघते. पोळीची कणीक न मळता लाटली तर काय होते, हे मायबहिणींना वेगळे सांगायला नको.

आता चाक. जमिनीत रोवलेल्या खुंटीच्या टोकावर जुने चाक तोललेले असते. ते मुद्दाम जड ठेवतात आणि वजन कडेला जास्त असते. चाकाच्या खाचेत दांडा घालून ते गरगरा फिरवले की दांडा बाजूला ठेवायचा. चाक स्वतःच्या वजनाच्या जोरावर बराच वेळ फिरत राहते आणि कुंभाराचे दोन्ही हात मोकळे होतात. मधोमध मातीचा गोळा, आत अंगठे, बाहेर बोटे, जवळ पाण्याचे बोळके आणि काठ गुळगुळीत करायला ओली चिंधी. भांडे तयार झाले की ताणलेल्या दोऱ्याने ते खालच्या गोळ्यापासून कापून घेतात. गावात वीज आली तशी विजेवरची चाकेही आली. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण कार्यक्रम सुरू करून अशी चाके दिली. दांडा फिरवण्याचे कष्ट त्याने वाचले.

पण मंडळी, एक गैरसमज इथे दूर करू. चाकावरून उतरते ते मडके नव्हे. गोल बुडाची घागर चाकावर पुरती होतच नाही. चाकावर तिचे तोंड आणि गळा नीट होतो, खालचा भाग जाड असतो आणि पुष्कळदा बूड उघडेच असते. ते सावलीत थोडे आंबट-ओले झाले, म्हणजे हाताला चिकटेना पण दाबले तर दबेल इतके वाळले, की खरे काम सुरू होते. एका हातात लाकडी थापटणे, दुसऱ्या हातात गुळगुळीत गोळा. गोळा मडक्याच्या आतून धरायचा आणि बाहेरून नेमके तिथेच थापटायचे. मडके हळूहळू फिरवत ठोक देत गेले की जाड भिंत पसरून पातळ होते, पोट फुगते आणि बूड मिटते. ठोक जोराचा बसला तर भोक पडते, हलका बसला तर भिंत जाड राहते. आत गोळा कुठे आहे हे दिसत नाही, हाताला कळावे लागते. पातळ, सारख्या जाडीची भिंत ही थापटण्याची करामत. आजवर विजेच्या चाकालाही ती साधलेली नाही.

थापटलेले मडके आधी सावलीत वाळवतात. एकदम उन्हात ठेवले तर बाहेरची बाजू आधी आवळते, आतली ओलीच राहते आणि तडा जातो. वाळल्यावर तांबडा रंग यावा म्हणून काव किंवा गेरूचा पातळ हात देतात. ही माती असल्याने छिद्रे बंद होत नाहीत. माती चाळण्यापासून काव देण्यापर्यंतच्या या कामांत कुंभाराच्या घरच्या बायकांचा मोठा वाटा असतो, पण बाजारात तो कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे आवा. मडकी रचून भाजायच्या भट्टीला आवा म्हणतात. खाली गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या, पाचट, त्यावर मडक्यांची चळत, पुन्हा जळण, वरून खापऱ्या आणि राख-मातीचे पांघरूण. पाहा, हे सगळे जळण शेतातले! सुरुवातीला आच मंद ठेवतात, कारण वाळलेल्या मडक्यातही थोडी ओल लपलेली असते. ती घाईने वाफ झाली तर मडके फुटते. पुढे आच वाढते. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर माती कायमची पालटते. त्याआधी ती पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होते, त्यानंतर कधीच नाही. भाजताना वारा भरपूर मिळाला तर मातीतल्या लोहामुळे रंग तांबडा येतो, वारा कोंडून धूर दिला तर काळा. आच कमी पडली तर मडके कच्चे राहते. फार झाली तर माती काचेसारखी होऊ लागते आणि छिद्रे मिटतात. भरून झाकलेल्या आव्यात डोकावता येत नाही. धुराचा रंग आणि आचेचा अंदाज यांवरच सगळा भरवसा. आणि आवा निवेपर्यंत धीर धरावा लागतो, नाहीतर गार वारा लागून चांगली मडकीही तडकतात.

भाजणीची पारख आवाजाने होते. पक्क्या मडक्यावर टिचकी मारली की ते खणखणते, कच्चे किंवा तडकलेले भद्द बोलते. ही पारख फार जुनी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची तांबडी, काळ्या नक्षीची, चाकावर केलेली भांडी मिळाली. अशा भांड्यांना आता "जोर्वे मृत्पात्रे" असेच नाव पडले आहे. त्यांचे एक लक्षण अभ्यासक आवर्जून सांगतात : ती उत्तम भाजलेली असून वाजवली की धातूसारखा आवाज देतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात त्याच काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथे मडकी भाजण्याची भट्टीही मिळाली. म्हणजे शेती आणि आवा यांचा शेजार आपल्याकडे इतका जुना.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. संत जमले असता काकांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. त्या कथेचा अर्थ अध्यात्माचा, पण दाखला अस्सल कुंभाराचा. आतून पक्के की कच्चे हे रंगावरून कळत नाही, वाजवूनच कळते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी गार का होते? भिंतीतल्या छिद्रांतून पाणी पाझरते आणि बाहेरच्या अंगावर येऊन वाऱ्याने उडून जाते. उडून जाताना ते उष्णता सोबत नेते. दहा लिटरच्या माठातून अर्ध्या पेल्याएवढे, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी असे उडाले आणि लागणारी सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली, तर ते सुमारे साडेपाच-सहा अंशांनी उतरते. प्रत्यक्षात बाहेरची ऊबही थोडी आत येत राहते, म्हणून माठ सावलीत आणि वाऱ्यात हवा. हवा दमट असली की पाणी उडत नाही, म्हणून पावसाळ्यात माठाचा गुण दिसत नाही.

मग ज्या माठाला तेलरंग फासला, चमक यावी म्हणून वार्निश दिले, त्याचे पाणी गार कसे होणार? छिद्रे तर बुजली! कुंभाराने रंग का दिला? कारण गिऱ्हाईक चकचकीत माठापाशी थांबते आणि साध्या माठाला नावे ठेवते. लीद मोजून मिसळायची, मन लावून थापटायचे आणि शेवटी त्यावर रंगाचा लेप द्यायचा, हे त्यालाही रुचत नसेल. पण पोट चालले पाहिजे. आपण नीट पारखून घेऊ लागलो, तर तोही नीट देईल. कसब कुंभाराच्या हातात असते, पण ते टिकते गिऱ्हाइकाच्या पारखीवर.

तेव्हा माठ घेताना एवढे करा. टिचकी मारून आवाज ऐका. आत हात घालून भिंत सारखी आहे का ते चाचपा. बाहेरून पाण्याचा थेंब लावा. तो लगेच मुरला तर माठ पाझरणारा, मोत्यासारखा घरंगळला तर रंग फासलेला. नवा माठ एक दिवस भरून ठेवा आणि ते पाणी झाडाला घाला. साबण लावू नका, तो छिद्रांत शिरून बसतो. काथ्याने घासा. तिवईवर ओल्या वाळूत ठेवा, वर झाकण आणि पाणी घ्यायला दांड्याचे वगराळे. लोणचे मात्र अशा मडक्यात घालू नका. मीठ पाझरून मडके खाते. त्याला चिनी मातीची बरणीच बरी.

पाझराचा आणखी एक उपयोग तुमच्या घरातच आहे. नवरात्रात आपण माती पसरून मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवतो आणि भोवती धान्य पेरतो. घट पाझरतो आणि नऊ दिवसांत धान्य वीतभर वाढते. हीच युक्ती शेतात करा. काठ उडालेला, पण न तडकलेला माठ नव्या कलमापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि तोंड झाका. माती कोरडी असेल तसे ती पाणी ओढून घेते, ओली असेल तर कमी घेते. परसातल्या भोपळ्या-दोडक्याच्या आळ्यालाही हे चालते. दोन-चार दिवसांनी डोकावून माठ भरायचा, एवढेच काम.

आणि शेतकरी बंधूंनो, एक विनंती. तळ्यातला गाळ काढून शेतात टाकणे चांगलेच. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना राज्यात २०१७ पासून त्यासाठीच निघाली. पण यंत्र तळ्यात उतरण्याआधी गावच्या कुंभाराला काठावर बोलवा. त्याच्या कामाचा चिकट थर कुठे आहे ते तो दाखवील. चार गाड्या माती त्याच्यासाठी बाजूला टाकली तर आपले शिवार काही उघडे पडत नाही, पण त्याचा वर्षाचा आवा पेटतो आणि आपल्या घरचे पाणी गार राहते.

पुढल्या आठवड्यात बुरुडाच्या सुपा-टोपल्यांकडे वळू. तोवर राम राम.