गोळ्या वाढवू नका, भोकं बुजवा!

विषय जरा किळसवाणा आहे. जेवता जेवता अंक चाळत असाल तर हे पान सध्या उलटा आणि हात धुतल्यावर वाचा.

मागच्या सेमिस्टरला आपल्या मेसच्या पिठात लाल किडे निघाले, हे हॉस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. "आज पोळीत प्रोटीन जास्त आहे" हा जोक आठवडाभर चालला. मी मेस कमिटीवर (दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून बिनविरोध!), त्यामुळे कोठीत जाऊन पोती बघणं माझ्या वाट्याला आलं. मेसचे मामा शपथेवर सांगत होते, "जिथून गहू आणला तिथं गोळ्या टाकलेल्या होत्या हो, एकदा नाही, दोनदा!" कुणाचाही विश्वास बसला नाही. माझा बसला. कारण हेच मी आमच्या पिंपळनेरला नानांच्या तोंडून ऐकलं होतं.

नाना म्हणजे माझे चुलते. सीझनला मका आणि बाजरी घेऊन ठेवतात, भाव बघून नवापूरकडे पोल्ट्रीला पाठवतात. पत्र्याचं गोडाऊन आहे. पावसाळ्यात पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री टाकायची, आत गोळ्या ठेवायच्या, कडेने विटा ठेवायच्या, झालं काम. दिवाळीत गेलो तेव्हा नाना मुठीत मका घेऊन उभे होते. दाण्यांना भोकं, खाली भुसा. म्हणाले, "आते ह्या गोयासना काई उपेग नही भो. किडासले सवय व्हई गयी."

हे "सवय झाली" मला खटकलं. तोच उपाय सगळेजण सुचवतात : सवय झाली ना, मग डोस वाढवा! दोनच्या जागी चार गोळ्या. माझं म्हणणं असं की निदानही चूक आणि उपायही चूक. किड्याला सवय-बिवय काही होत नाही. जो मरायचा तो मरतो. प्रश्न वाचणाऱ्याचा आहे, आणि तो का वाचतो हे कळलं की दोष गोळीचा कमी आणि ताडपत्रीचा जास्त दिसतो.

गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतलं बाष्प लागलं की त्यातून फॉस्फीन वायू निघतो, ३ ग्रॅमच्या गोळीतून साधारण १ ग्रॅम. हा वायू दाण्याच्या आत शिरून अळीलाही मारतो आणि मागे फारसा अंश ठेवत नाही, म्हणून जगभरातली गोदामं याच्यावर चालतात. दुसरा वायू होता मिथाइल ब्रोमाइड. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाला. आपल्यासारख्या देशांतही २०१५ नंतर तो निर्यातीच्या व क्वारंटाइनच्या मालापुरता उरला. थोडक्यात, फॉस्फीन गेला तर त्याच्याइतका स्वस्त आणि सोयीचा पर्याय हाताशी नाही.

आता किडे. आपल्या पिठातला तो तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम. नानांच्या मक्यात भोकं पाडणारा बारीक, दंडगोल भुंगेरा म्हणजे रायझोपर्था. दोघांतही फॉस्फीन पचवणारे निघालेत आणि ही बातमी जुनी आहे. १९७२-७३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने देशोदेशीचे नमुने तपासले, तेव्हाच सुमारे एक दशांश नमुन्यांत प्रतिकार सापडला होता.

यामागचं जनुकशास्त्र मात्र भन्नाट आहे. (बायोलॉजी नको म्हणून इंजिनिअरिंगला आलेल्यांनो, दोनच परिच्छेद सहन करा.) प्रतिकार मुख्यतः दोन जनुकांवर अवलंबून आहे. एकेकटं जनुक थोडाफार प्रतिकार देतं, दोन्ही जमली की तो एकदम उसळतो. ऑस्ट्रेलियातल्या रायझोपर्थाच्या एका वाणात तो २५० पटींपर्यंत मोजला गेला. यातलं दुसरं जनुक २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी ओळखलं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कारखान्यातलं एक एन्झाइम त्यातून बनतं. २०१५ साली भारतातल्या नमुन्यांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यात त्या एन्झाइमच्या साखळीत एका ठरावीक जागी प्रोलीनऐवजी सेरीन बसलेलं आढळलं. शेकडो कड्यांच्या साखळीतली एक कडी बदललेली! आणि हा बदल तांबड्या भुंगेऱ्यातही आहे आणि रायझोपर्थातही. एकमेकांशी लग्न न होणाऱ्या दोन जाती, दोघांनी आपापल्या वाटेने तीच पळवाट शोधली. कॉपी म्हणावी तर शेजारी बसलेले नव्हते!

आता खरा मुद्दा. हा प्रतिकार बराचसा अप्रभावी, म्हणजे रिसेसिव्ह आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच किडा पक्का होतो. एकच प्रत बदललेली असेल तर तो साध्या किड्यापेक्षा जेमतेम चिवट, पूर्ण डोसला मरतोच. समजा हजार प्रतींत एक प्रत बदललेली आहे. मग दोन्ही प्रती बदललेला किडा दहा लाखांत एक. पण एक प्रत बदललेले? हजारात दोन, म्हणजे दहा लाखांत सुमारे २०००. एका पक्क्या गुंडामागे दोन हजार अर्धे-कच्चे. पुढच्या पिढीत जनुक पोचवणारी खरी फौज ही आहे, आणि गॅस पूर्ण वेळ, पूर्ण दाबाने टिकला तर ही फौज जागेवर खलास होते.

नानांच्या गोडाऊनमध्ये काय होतं? ताडपत्रीला उंदरांनी पाडलेली भोकं. विटांच्या फटींतून वारा. शिवाय तिसऱ्या दिवशी ट्रक आला की कव्हर उघडायचं. फॉस्फीनचं काम गॅसच्या प्रमाणापेक्षाही वेळेवर चालतं. अंडी आणि कोष चिवट असतात, ते पुढच्या अवस्थेत जाईपर्यंत गॅस थांबावा लागतो, म्हणजे सात दिवस तरी, बऱ्याचदा जास्त. तीन दिवसांच्या गळक्या गॅसमध्ये साधे किडे मरतात आणि एक प्रत बदललेले बरेच वाचतात. मग तेच आपसात जुळतात आणि त्यांच्या चार पिल्लांत एक पक्कं निघतं. उन्हाळ्यात महिन्याभरात नवी पिढी. म्हणजे आपण किडे मारत नाही आहोत, चक्क त्यांची एंट्रन्स घेतोय, आणि कट-ऑफ इतका खाली ठेवलाय की सगळे पास!

गोळ्या वाढवल्याने भोक बुजत नाही. पहिल्या दिवशी गॅस जास्त निघतो आणि जास्तच बाहेर जातो, शेजारी झोपलेल्या हमालाच्या नाकात सुद्धा. हा वायू माणसालाही मारतो. म्हणूनच या गोळ्यांचं काम सरकारी यंत्रणा किंवा मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच करावं असा नियम आहे. नानांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

कुणी म्हणेल, पक्के किडे आधीच तयार झालेत, आता सील करून काय उपयोग? उपयोग आहे. पक्का किडाही मरतो, फक्त त्याला गॅस जास्त आणि जास्त दिवस लागतो, आणि गळक्या ताडपत्रीखाली नेमकं तेच मिळत नाही. ऑस्ट्रेलियात मधूनमधून सल्फ्युरिल फ्लोराइड हा वेगळा वायू वापरून फॉस्फीनला विश्रांती देतात. पण त्यांनी धान्याच्या सायलोसाठी गळतीची टेस्टसुद्धा ठरवली आहे. सायलोत हवा भरायची, तेलाच्या यू-नळीत २५ मिलिमीटरचा फरक आणायचा आणि घड्याळ लावायचं. फरक निम्मा व्हायला निदान पाच मिनिटं लागली तर नवा सायलो पास. बस्स! हा तर आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबचा पहिला प्रयोग आहे, ज्याची रीडिंग आपण सगळे सीनिअरच्या जर्नलमधून उतरवतो.

म्हणून मला वाटतं, हा प्रश्न शेतकी कॉलेजवर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही. किड्याचं जनुक त्यांनी बघावं, पण गॅस कोंडणं हे आपलं काम आहे. नानांची अडचणही खोटी नाही. ट्रक दारात उभा असताना सात दिवस थांबा असं सांगणं सोपं, पण भाव पडला तर तोटा त्यांचाच. पत्र्याचं अख्खं गोडाऊन सील होणार नाही. पण थप्पीपुरतं जाड, न फाटलेलं कव्हर आणि विटांऐवजी कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या एवढं परवडू शकतं. किती परवडेल आणि किती दिवस टिकेल हे कुणीतरी मोजायला हवं.

आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्टला हाच विषय दिलाय. नानांनी एक थप्पी द्यायचं कबूल केलंय, पण फक्त हवा भरून गळती मोजायला. गोळीला आम्ही हात लावणार नाही, हे आईला फोनवर दोनदा सांगून झालंय. लॅबमधून यू-ट्यूब मॅनोमीटर आठ दिवसांसाठी हवाय. लॅब असिस्टंट सर म्हणाले, "पिंपळनेरला न्यायचाय? एच.ओ.डीं.च्या सहीचा अर्ज घेऊन या."

अर्ज लिहून झालाय. सही बाकी आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)