रुंद चाकांचा सोस

गेल्या कापणीपूर्वी माझ्या पुतण्याने आमच्या जुन्या पिकअपची 205 मिलिमीटर रुंदीची चाके काढून 265 ची घातली, रिमांसकट. "काकी, आता शेतात गाडी रुतायची नाही!" गाडी रुबाबदार दिसू लागली खरी. पण घरचा डिझेलचा हिशेब मी लिहिते.

आपल्या तरुणांची समजूत अशी की टायर जितका रुंद तितका तो जमिनीवर जास्त टेकतो. टेकणारी जागा मुख्यतः गाडीचे वजन आणि टायरमधील हवेचा दाब यांवरून ठरते. दाब तोच ठेवला तर रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो, अरुंदाचा लांब होतो, एवढेच. खोल, तळ न लागणाऱ्या चिखलात किंवा वाळूत रुंद टायर तरतो, हे मी नाकारीत नाही. पण आमच्या उसातल्या वाटेवर चिखल वीतभर आणि खाली काळा दगड. तिथे अरुंद चाक चिखल कापून घट्ट जमिनीला लागते. रुंद चाक वरच्या वर घसरते. शिवाय बाहेर आलेल्या त्याच्या कडा दगडांना आयत्याच सापडतात.

आता डिझेल. चाके जड, नक्षी जाड, वाऱ्याचा अडथळा जास्त, खर्च वाढणारच. मात्र पुतण्याच्या वहीत तो होता त्याहून अधिक दिसत होता, कारण नवी चाके उंचीनेही मोठी आहेत: 100 किलोमीटर चाललो तर मीटर सुमारे 95 दाखवतो. हे मीच त्याला गणित मांडून दाखवले. शिक्षिकेची खोड, दुसरे काय!

खर्चाचे एक वेळ चालेल. पण पावसात क्युरपीपहून उतरताना, मागे मुले बसलेली असताना, गाडी पाण्याच्या थरावर क्षणभर तरंगली. रुंद टायरखालचे पाणी बाजूला सरायला वेळ लागतो. ब्रेक न दाबता पुतण्याने गाडी सावरली. घरी येईपर्यंत कोणी बोलले नाही.

शेतात शिरताना हवा थोडी कमी करावी आणि हमरस्त्यावर येण्याआधी पुन्हा भरावी. एका हातपंपाचे हे काम. त्यासाठी नवी चाके कशाला?

जुनी चारही चाके गोठ्यामागे आहेत, नक्षी अजून चांगली आहे. काल मी जॅक काढून अंगणात ठेवला. पुतण्याने तो पाहिला आहे.