हात काढल्यावर चालणारे काम

नांदुऱ्यात आम्ही वऱ्हाडी शब्द जमवीत आहोत. धुरा, वावर, पऱ्हाटी, तुराटी अशा शब्दांच्या नोंदी एका जुन्या लिनक्स संगणकावर, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवल्या आहेत. तो आम्हीच बसवला. आज्ञा दिली की उत्तम चाले. पण वीज जाऊन आली की आमच्यापैकी कोणी येऊन पुन्हा आज्ञा देईपर्यंत एकही शब्द उघडत नसे. म्हणून आम्ही तो संगणकासोबत आपोआप सुरू होणारी 'सेवा' म्हणून नोंदवला, तर ती सेवा सुरू होताच बंद पडू लागली.

दोन दिवस आम्ही तीच मांडणी पुन्हापुन्हा करून पाहिली. शेवटी यंत्राची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचला. कारण तिथे एका ओळीत होते: परवानगी नाकारली. आम्ही आज्ञा देत होतो तेव्हा डेटाबेस आमच्या नावाने चाले. सेवा मात्र त्याच कामासाठी निर्माण केलेल्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालणार होती, आणि नोंदींचे फोल्डर आमच्या मालकीचे होते. घाईने आम्ही ते सर्वांना खुले केले. पोस्टग्रेसने तेही मानले नाही. फोल्डरचा मालक तोच वापरकर्ता हवा आणि परक्याला तिथे हात घालता येऊ नये, असा त्याचा दंडक आहे. अखेर नोंदींची प्रत काढून ठेवली, फोल्डर आमच्या घरकुलातून हलवून त्या वापरकर्त्याच्या मालकीचे केले, परवानगी ०७०० ठेवली आणि सेवेच्या फाइलीतला पत्ता सुधारला. आणखी एक गोष्ट कळली: सेवा आत्ता सुरू करणे आणि ती दर वेळी सुरू व्हावी अशी नोंद करणे, या दोन वेगळ्या आज्ञा आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाने यात का पडावे? शेजारच्या मलकापूर तालुक्यातील नरवेलचे वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाच्या संपादनात आयुष्य वेचले. त्या परंपरेत पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला विसंगत पाठ दिसताच लेखणी चालवायची नसते. तो कसा उद्भवला हे आधी विचारायचे असते. लॉग वाचणे याहून निराळे नाही. आम्ही मात्र पोथीपुढे जो संयम दाखवतो तो यंत्रापुढे विसरलो.

खरा दोष त्याहून खोल होता. संग्रह आमच्या नावावर, आमच्या हातावर चालला होता. मराठीतील कितीतरी सूची आणि शब्दसंग्रह असेच एका निष्ठावंताच्या हातावर चालतात. तो निवृत्त झाला की कपाटाची किल्लीही सापडत नाही. त्याच्या निष्ठेचे आपण कौतुक करतो आणि काम कोणाच्या हवाली करायचे, हा प्रश्न राहून जातो. कोणताही साहित्यप्रकल्प पूर्ण झाला असे म्हणण्यापूर्वी एक कसोटी लावावी, असे आमचे मत आहे: वीज गेली, परत आली आणि आम्ही तिथे नाही, तर शब्द उघडतो का?