गाळलेले पाणी आणि थंड ओढे

मासा आपण खात नाही, म्हणून त्याची काळजी आपली नव्हे, हे मला पटत नाही. अमेरिकेत मोंटानातला बुल ट्राउट १९९९ पासून धोक्यातील जिवांच्या यादीत आहे. थंड ओढ्याच्या खड्यांत घातलेली त्याची अंडी हिवाळाभर तिथेच असतात. काठची झाडे तुटली की पाणी तापते, जंगलरस्त्यांची माती खड्यांत बसते, अंडी गुदमरतात. गळ न लावताच हिंसा! ओढ्यांसाठी भांडणाऱ्यांत गळ टाकणारेच पुष्कळ, हे खटकते खरे. पण गाळलेल्या पाण्याची जिवाणी परत विहिरीत सोडणाऱ्या आपण गप्प का? तिकडच्या लेकी-सुनांनो, पर्युषणातल्या जीवदयेच्या देणगीतून ओढ्याकाठी झाडे लावा. पांजरपोळाची पावती तर आपण फाडतोच.