कलम ३७७चा इतिहास तिहारपासून सांगा

१/ कलम ३७७ विरुद्धच्या लढ्याची कथा बहुधा २००१ पासून सांगितली जाते: नाझ फाउंडेशनची याचिका, २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मात्र तिचे आरंभीचे एक पान तिहार कारागृहातले आहे. ते गाळल्याने आपण काय गमावले, हे सांगण्यासाठी हा धागा.

२/ १९९४ साली डॉक्टरांच्या एका पथकाने तिहारला भेट दिली. पुरुष कैद्यांमध्ये लैंगिक संबंध घडत असल्याचे त्यांना आढळले. एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी कैद्यांना कंडोम द्यावेत, अशी शिफारस त्यांनी केली. प्रशासनाने ती नाकारली. कंडोम देणे म्हणजे समलैंगिकतेला उत्तेजन, ही भूमिका. पाठीशी १८६० चे कलम ३७७ होतेच.

३/ तेव्हाच्या कारागृह महानिरीक्षक होत्या किरण बेदी. त्याच वर्षी तिहारमध्ये हजारांहून अधिक कैद्यांचे विपश्यना शिबिर भरले, त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या सुधारणा खऱ्या होत्या, म्हणूनच हा नकार अधिक बोलका वाटतो.

४/ ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. कैद्यांना कंडोम मिळावेत आणि कलम ३७७ घटनाबाह्य ठरवावे, अशा मागण्या होत्या. ती अनेक वर्षे रेंगाळली आणि अखेर फेटाळली गेली.

५/ पुढचा लढा ‘खासगी जागेत, प्रौढांच्या संमतीने’ या भाषेत मांडला गेला. न्यायालयीन डावपेच म्हणून ते योग्यच होते. पण ज्याला खासगी जागाच नाही, तो कैदी त्या वाक्यातून बाहेर राहिला.

६/ ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अवघ्या चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा अमलात आला. त्याच्या कलम ३१ नुसार शासनाच्या ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला प्रतिबंध, समुपदेशन, चाचणी व उपचारांचा हक्क आहे. कलम २२ जोखीम कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण देते. तिहारच्या प्रश्नाचे उत्तर चोवीस वर्षांनी मिळाले, पण पहिल्या तारखेच्या जल्लोषात दुसरी कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

७/ माझ्या मते या कायद्याची खरी कसोटी कारागृहाच्या फाटकाबाहेर आहे. शासकीय केंद्रांत एआरटी औषधे २००४ पासून मोफत मिळतात. पण ती रोज, आयुष्यभर घ्यावी लागतात. खंड पडला की विषाणू पुन्हा बळावतो, औषधांना दाद देईनासाही होतो.

८/ आपल्या कारागृहांत चारपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांचा जामीन कधी होईल, याचा नेम नसतो. माणूस अचानक सुटून दूरच्या गावी जातो आणि उपचारांची नोंद मागेच राहू शकते. गावात त्याच्यावर दोन शिक्के असतात, तुरुंगाचा आणि आजाराचा. मग केंद्राची पायरी तो कुणाच्या आधाराने चढणार?

९/ म्हणून मागणी साधी असावी. सुटकेच्या वेळी हातात निदान महिनाभराची औषधे आणि नव्या केंद्राच्या नावे पत्र द्यावे. पहिले काही महिने विचारपूस करणारा एक कार्यकर्ता असावा. निवारा आणि काम मिळवून देणे हाही उपचाराचाच भाग मानावा.

१०/ आणि आपण, इतिहास सांगणाऱ्यांनी, एवढे करावे: ३७७ ची कथा पुढच्या वेळी १९९४ च्या तिहारपासून सुरू करावी.